उचल देऊन माणूस टिकत नाही

दसरा उलटला की जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यामागे मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, आणि ती लग्नात, दवाखान्यात नाहीतर पेरणीत संपलेलीही असते. हंगामभर टनावर मजुरी मोजली जाते, ती उचलीतून वळती होते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत उचल फिटली नाही तर उरलेली रक्कम अंगावर राहते. म्हणजे पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. या व्यवस्थेत काम सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मोजायला कोणी बसले, तर आकडा मोठा गोजिरा येईल. पण त्या आकड्यावरून ‘मजूर कामात रमले आहेत’ असे कोणी म्हणाले, तर मंठ्याच्या बाजारात लोक हसतील. याच जिल्ह्यातली मुले तीनशेएक किलोमीटरवरच्या पुण्यात ज्या इंटरनेटच्या उद्योगात नोकरीला लागतात, तिथे मात्र असे विधान दर तिमाहीला केले जाते आणि कोणी हसत नाही.

त्या उद्योगात माणसे सोडून जाण्याच्या प्रमाणाला ‘ॲट्रिशन’ म्हणतात. आपण त्याला गळती म्हणू. जून 2022 च्या तिमाहीअखेर इन्फोसिसची आधीच्या बारा महिन्यांतली गळती 28.4 टक्के होती. टीसीएसमध्ये त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ती 21.5 टक्क्यांवर गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत ‘कर्मचाऱ्यांना टिकवायचे कसे’ यावर रकानेच्या रकाने भरत होते. दोन वर्षांनी, जून 2024 च्या तिमाहीत, हे आकडे 12.7 आणि 12.1 वर आले आणि रकाने थांबले. मधल्या काळात कार्यालयांत असे काय सुधारले? साहेब प्रेमळ झाले, काम हलके झाले, पगार वाढले, यांपैकी काहीच घडल्याचे ऐकिवात नाही. उलट पगारवाढी पुढे ढकलल्या गेल्या आणि महाविद्यालयांतून होणारी भरती आटली. बाहेर नोकऱ्या उरल्या नाहीत म्हणून माणसे आत राहिली, इतकाच त्याचा अर्थ. विहिरीचे पाणी खाली गेले म्हणून बादली बुडेनाशी झाली, तर त्याला दोरीची करामत म्हणत नाहीत. गळतीचा आकडा बाजाराची हवा सांगतो. माणसाचे मन कामात आहे की नाही, हे त्याला कळतच नाही.

मन कामात असणे ही वेगळी गोष्ट आहे, हे त्या विषयाच्या अभ्यासकांनी फार आधी सांगून ठेवले होते. ‘एंगेजमेंट’ हा शब्द आज ज्या अर्थाने मनुष्यबळ विभागात फिरतो, त्याचा उगम विल्यम कान या अमेरिकी अभ्यासकाच्या 1990 मधल्या शोधनिबंधात आहे. त्याने पाहणी केली ती एका उन्हाळी शिबिरातल्या मार्गदर्शकांची आणि एका वास्तुविशारद कचेरीतल्या माणसांची. माणूस कामात स्वतःला केव्हा ओततो आणि केव्हा आखडून घेतो, हा त्याचा प्रश्न होता. उत्तरात तीन गोष्टी निघाल्या: कामाला काही अर्थ आहे असे वाटणे, मनातले बोलले तर अंगाशी येणार नाही ही निर्धास्ती, आणि कामात ओतण्याइतके त्राण अंगात उरलेले असणे. या तिन्हींत शुक्रवारच्या खेळांचा, कंपनीचे नाव छापलेल्या टी-शर्टांचा आणि वर्षातून एकदा भरून घेतल्या जाणाऱ्या गुप्त म्हणवल्या जाणाऱ्या प्रश्नावलीचा कुठे उल्लेख नाही. (प्रश्नावलीत वय, विभाग आणि साहेबाचे नाव भरायला लावल्यावर ती कितपत गुप्त राहते, हे दहा जणांच्या गटातल्या कोणालाही विचारावे.) गॅलप ही संस्था जगभर अशी मोजणी करते. तिच्या हिशेबाने 2024 मध्ये कामात खरोखर मन असलेल्यांचे प्रमाण जगात 21 टक्के होते. म्हणजे पाचातले चार जण हजेरी लावतात आणि कामही उरकतात, पण त्यांचा जीव तिथे नसतो. गळती शून्यावर आली तरी हे चार जण तिथेच बसलेले असतील.

इंटरनेटचा उद्योग माणसे टिकवण्यासाठी प्रत्यक्षात काय करतो, ते पाहिले की मुकादमाची आठवण येते. रुजू होताना बोनस द्यायचा आणि वर्षाच्या आत सोडले तर तो परत मागायचा, ही एक तऱ्हा. प्रशिक्षणाचा खर्च म्हणून बाँड लिहून घ्यायचा, ही दुसरी. आणि सगळ्यांत रुळलेली तिसरी म्हणजे नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. राजीनामा दिल्यावर तीन महिने जागेवर बसायचे, नाहीतर रिलीव्हिंग लेटर अडकणार आणि त्यावाचून पुढची कंपनी दारात उभे करणार नाही. उचलीचे रूप बदलले, तत्त्व तेच: माणूस आधी बांधून घ्यायचा आणि सोडणे महाग करायचे. बरे, यातून माणसे टिकली असती तर एक वेळ समजून घेता आले असते. झाले उलटेच. नव्वद दिवस हातात मिळाल्यावर मुले एक ऑफर खिशात ठेवून दुसरी शोधू लागली आणि दुसरीच्या जोरावर तिसरी. ऐन रुजू होण्याच्या दिवशी उमेदवार येतच नाही, अशी तक्रार आज मनुष्यबळ विभागाचे लोक करतात. माणूस पळू नये म्हणून घातलेल्या कुंपणानेच त्याला पळण्याचा सराव दिला. शिवाय त्या तीन महिन्यांत तो जे काम करतो त्याची प्रत काय असते, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे आणि ते पोकळ नाही. नव्या मुलाला सहा महिने पगार देऊन शिकवायचे आणि सातव्या महिन्यात त्याने शेजारच्या इमारतीत जाऊन बसायचे, हा तोटा कोणी का सोसावा? कायदाही त्यांच्या बाजूने झुकतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. वारंवार भरती करण्याचा खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी संस्थेला अशी अट घालता येते, असा त्या निकालाचा रोख आहे. मला त्यावर वाद घालायचा नाही. अट कायदेशीर असू शकते, खर्च भरून निघू शकतो. पण भरपाई मिळणे आणि माणूस टिकणे या दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा आहेत. न्यायालय दोन लाख वसूल करून देईल. ज्याच्या जिवावर प्रकल्प उभा होता त्याचे लक्ष वसूल करून देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. ज्या कामात लक्ष हाच कच्चा माल आहे, तिथे हा फरक बारीक राहत नाही. खडी फोडणाऱ्याचे मन नसले तरी खडी फुटते. मन नसलेल्याने लिहिलेला प्रोग्रॅम चालतो, आणि मग एका रात्री चालेनासा होतो.

दुसरा आक्षेप मुलांवर आहे. आजची पिढी कुठेच ठरत नाही, चार पैसे जास्त दिसले की उडी मारते, निष्ठा नावाची गोष्ट राहिली नाही, असे वाडवडिलांच्या सुरात सांगितले जाते. निष्ठेचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. या क्षेत्रातल्या मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्या अभियंत्याचा वार्षिक पगार दहा-बारा वर्षांपूर्वी तीन-सव्वातीन लाख होता आणि अजूनही साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. म्हणजे हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आगेमागे. त्यातून पुण्याच्या हिंजवडीतली खोली, मेस, येण्याजाण्याचा खर्च आणि भोकरदनला घरी पाठवायचे पैसे वजा करा. पगार खऱ्या अर्थाने वाढण्याचा एकच रस्ता त्या मुलाला दिसतो, तो म्हणजे कंपनी बदलणे. आणि तो रस्ता त्याला कंपन्यांनीच दाखवला आहे, कारण जुन्या माणसाला दहा टक्के वाढ देताना कुरकुरणारी कंपनी बाहेरून येणाऱ्याला तीस टक्के देते. दुसऱ्या बाजूला, 2022 मध्ये निवडपत्र हातात पडलेल्या इन्फोसिसच्या अनेक मुलांना रुजू व्हायला 2024 उजाडले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी चाचण्यांत नापास ठरवून म्हैसूरहून घरी पाठवले गेले. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात माणसे कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवरचे लोक मुख्यतः होते. ज्यांनी उड्या न मारता पंधरा-वीस वर्षे एका जागी काढली, तेच ते. हे निर्णय व्यवसायाच्या दृष्टीने बरोबर होते की चूक, हा वेगळा वाद. पण हे पाहून बदनापूरचा मुलगा निष्ठेचा जो अर्थ लावतो, त्याला बेइमानी म्हणता येणार नाही.

या चर्चेत नेहमी गाळला जाणारा एक माणूस आहे. इंटरनेटचा उद्योग म्हटले की काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. पण जालना जिल्ह्यात हा उद्योग सर्वांत जास्त गावांत पोचला आहे तो ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाच्या रूपाने. राज्याने 2011 मध्ये ‘संग्राम’ म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प सुरू केला, 2016 पासून त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रा’ने घेतली. प्रकल्पाचे नाव बदलले, चालवणारी कंपनी बदलली, खुर्चीवरचा माणूस बऱ्याच गावांत तोच राहिला. नमुना आठचा उतारा, जन्म-मृत्यूचे दाखले, घरकुलाच्या याद्या, ग्रामपंचायतीच्या एक ते तेहतीस नमुन्यांची ऑनलाइन नोंद, सगळे त्याच्याकडे. 2017 च्या कर्जमाफीचे अर्ज त्याने भरले, 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचेही. दिवसा साइट चालत नाही म्हणून रात्री बारानंतर, सर्व्हरवरची गर्दी ओसरल्यावर, एका हाताने डोळे चोळत दुसऱ्या हाताने आधार क्रमांक टाकणारा हाच. त्याचे मानधन वर्षानुवर्षे सहा-सात हजारांत अडकून राहिले. तेही कंपनीमार्फत, आणि कित्येकदा महिनोन्‌महिने थकून. आझाद मैदानावर आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर या लोकांनी किती वेळा मोर्चे नेले याची मोजदाद ठेवणे अवघड. मागणी पगाराची होतीच. पण त्याआधीची मागणी होती ती ‘आम्हाला कर्मचारी म्हणा’ ही. ग्रामपंचायत म्हणते तू कंपनीचा, कंपनी म्हणते तू मानधनावरचा.

आता गंमत पाहा. पंचवीस हजारांवरचा अभियंता वर्षात कंपनी सोडतो आणि सहा-सात हजारांवर राबलेल्या परिचालकाने दहा-बारा वर्षे खुर्ची सोडली नाही. गळतीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर माणसे टिकवण्याचे शास्त्र हिंजवडीने जाफराबाद तालुक्यातल्या ग्रामपंचायतीकडून शिकायला हवे. काही अधिकारी खासगीत असा युक्तिवाद करतातही: एवढे हाल असते तर गेले असते सोडून. हा युक्तिवाद ऊसतोडीच्या टोळीलाही लावता येईल, म्हणूनच तो खोटा आहे. परिचालक टिकला याचे एक कारण पर्याय नाही हे आहे. आई-वडील थकलेले, दोन-तीन एकर कोरडवाहू, आणि पुण्याला जायचे वय निघून गेलेले. पण दुसरेही कारण आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. कानने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली, कामाचा अर्थ, त्याच्याकडे ओसंडून आहे. म्हातारीचा अर्ज मंजूर झाला की ती घरून ताकाचा तांब्या घेऊन येते. कोणत्याही कंपनीच्या ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ला इतकी थेट पावती मिळत नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र त्याच्याकडे औषधालाही नाहीत. निर्धास्ती नाही, कारण सरपंच बदलला की खुर्ची हलते. त्राण नाही, कारण घर चालवण्यासाठी त्याला झेरॉक्स, पॅनकार्ड, विमा असे चार जोडधंदे करावे लागतात. टिकलेला माणूस आणि कामात मन असलेला माणूस हे एकच नव्हेत, याचा इतका उघड पुरावा दुसरीकडे शोधावा लागू नये. आणि एवढे असूनही ज्यांचे मन अजून त्यात आहे, त्यांच्या जिवावर सरकारचा डिजिटल कारभार चालला आहे.

घरोघर पार्सल आणि जेवण पोचवणाऱ्या मुलांबद्दल थोडक्यात, कारण तिथे सगळेच स्वच्छ दिसते. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात 2020-21 मध्ये यांच्यासह सगळ्या प्रकारचे गिग कामगार मिळून 77 लाख होते आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील. त्यांच्यातली गळती ही गळती म्हणून मोजायलाच नको, यासाठी कंपन्यांनी त्यांना नाव दिले आहे ‘पार्टनर’. भागीदार म्हणायचे आणि भाग काहीच द्यायचा नाही, अशी ही भागीदारी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत भरावी अशी तरतूद आहे. निधी जमून तो जालन्याच्या बस स्थानकापाशी दुचाकी लावून ऑर्डरची वाट पाहणाऱ्या मुलापर्यंत कधी पोचतो, ते पाहायचे.

भागीदारीचा जरा बरा नमुना पाहायचा तर याच जिल्ह्यात तो संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. जालन्याची ओळख पोलादाइतकीच बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको इथे सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जाफराबाद, भोकरदन आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडी यांचे संकरित बियाणे तयार होते. टोमॅटो-मिरचीचे हे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. दुपारनंतर बायका मादीच्या ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखायची, चिमट्याने ती अलगद उघडायची, आतले पुंकेसर एकही न ठेवता काढायचे आणि मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलांचा पराग गोळा करून तो त्या प्रत्येक कळीवर बोटाने टेकवायचा. ‘क्रॉसिंग’ म्हणतात याला. जी फुले नजरेतून सुटून आपसूक उमलली ती तोडून टाकायची, कारण त्यांचे बी शुद्ध नसते. अशी काही फुले राहून गेली तर पुढे शुद्धतेच्या चाचणीत अख्खा लॉट नापास होतो. एका नेटखाली हजारो कळ्या, आणि एकाही कळीपाशी साहेब उभा नाही. देखरेखीने हे काम करून घेता येत नाही, बांधून ठेवून तर नाहीच. म्हणून कंपनीला शेतकऱ्याशी हंगामाआधी भाव ठरवावा लागतो, मूळ नर-मादी बियाणे द्यावे लागते, आणि शुद्ध निघालेल्या प्रत्येक किलोमागे पैसे मोजावे लागतात. लक्ष देणाऱ्याच्या पदरात त्या लक्षाचे मोल पडते.

हे चित्र गुळगुळीत करून दाखवण्यात अर्थ नाही. बीजोत्पादक शेतकऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकल्याच्या तक्रारी दरसाल होतात. चाचणी कंपनीच्याच हातात असल्याने लॉट नापास का झाला हे शेतकऱ्याला कळत नाही, क्रॉसिंग करणाऱ्या बाईला शेवटी रोजच मिळतो, आणि ॲडव्हान्सच्या रूपात उचल इथेही शिरलेली आहेच. पण एक फरक मोलाचा आहे. एका कंपनीने दगा दिला तर पुढच्या हंगामात शेतकरी दुसऱ्या कंपनीचा प्लॉट घेतो, आणि हे कंपनीला माहीत असते. जाण्याची मोकळीक आणि उत्पन्नातला वाटा या दोन गोष्टी शाबूत ठेवूनही वर्षानुवर्षे एकाच कंपनीबरोबर राहणारे शेतकरी या पट्ट्यात आहेत. ते टिकणे मुकादमाकडच्या टिकण्यापेक्षा निराळे आहे. माझे म्हणणे एवढेच, की इंटरनेटच्या उद्योगाचे काम जातीने कळी उलगडण्यासारखे आहे आणि तो माणसे मात्र ऊस तोडण्याच्या रिवाजाने धरून ठेवतो.

वाटा म्हणजे शेअर वाटणे, असा सोयीचा अर्थ लगेच काढला जातो. नव्या कंपन्या ते करतातही, आणि कागदावरचे शेअर रोख होण्याआधीच पुष्कळदा कंपनी मिटते. मला अभिप्रेत असलेला वाटा अधिक साधा आहे: आपले काम कुठे, केव्हा आणि कसे करायचे यात कर्मचाऱ्याचा शब्द चालणे. याला पुरावा आहे आणि तो याच उद्योगातला आहे. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीने 1,612 कर्मचाऱ्यांवर सहा महिने एक प्रयोग केला. विषम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा, सम तारखेवाल्यांना पाचही दिवस कार्यालय. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि कंपनीचे सहसंस्थापक जेम्स लियांग यांनी त्याचे निष्कर्ष जून 2024 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. घरून कामाची मुभा असलेल्यांत राजीनामे तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले. पुढची दोन वर्षे कामाचा दर्जा आणि बढत्या तपासल्या, त्यांत फरक आढळला नाही. फायदा सर्वांत जास्त झाला तो स्त्रियांना, साहेब नसलेल्यांना आणि लांबून येणाऱ्यांना. आणि जाताजाता लक्षात आलेली गोष्ट अशी, की प्रयोगाआधी व्यवस्थापकांना उत्पादकता घटेल असे वाटत होते, प्रयोगानंतर ती थोडी वाढेल असे वाटू लागले. बाँडच्या जोरावर राजीनामे तिसऱ्या हिश्श्याने घटवल्याचे उदाहरण कोणी दाखवावे.

जालन्यासाठी या निष्कर्षाचे मोल जास्त आहे. 2020 च्या टाळेबंदीत पुण्याहून परतलेली मुले अंबडच्या, परतूरच्या घरांतून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि भारनियमन सांभाळत जगभरच्या ग्राहकांची कामे करत होती, आणि त्या काळात या कंपन्यांचा धंदा बुडाला नाही, वाढला. नंतर बोलावणे आले. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून पाचही दिवस कार्यालय सक्तीचे केले. कर्मचाऱ्याला विचारले कोणी? तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळ मथळंपारै या गावात झोहोने 2011 पासून कार्यालय चालवून दाखवले आहे. माणसांना शहरात ओढण्याऐवजी काम गावाकडे नेता येते हे त्यातून दिसले. आपल्याकडे 2023 च्या डिसेंबरअखेर जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, नगरपालिकेची महापालिका झाली. या सगळ्याचा उपयोग मुले अधिक वेगाने बाहेर पाठवण्याकडेच व्हावा, असा काही नियम नाही.

घरून किंवा गावाजवळून काम याला असलेल्या दोन हरकतींना उत्तर द्यायला हवे. नवखा मुलगा कार्यालयातच शिकतो, शेजारच्या खुर्चीवरच्या ताईला विचारून शिकतो, हे खरे आहे. म्हणूनच ट्रिपच्या प्रयोगातही तीन दिवस कार्यालय होते, आणि पहिले वर्षभर पूर्ण हजेरी मागण्यात काही वावगे नाही. दुसरी हरकत विश्वासाची. घरी बसून मुले दुसऱ्याच कंपनीचे काम करतात, असे म्हणत विप्रोने 2022 मध्ये तीनशे जणांना काढले होते. असे करणारे होते, यात शंका नाही. पण ज्याला आठ तासांचा पगार घेऊन आणखी आठ तास दुसरीकडे विकावेसे वाटतात आणि जमतातही, त्याच्या पहिल्या कामात त्याचे किती मन उरले होते, हा प्रश्न काढून टाकण्याआधी विचारायला हवा होता. राहिली कृत्रिम बुद्धिमत्तेची धास्ती: निम्मी कामे यंत्रच करणार, मग माणसे टिकवायची कशाला? ठोकळेबाज काम यंत्र करील हे मान्य. यंत्राने केलेल्या कामातली चूक ओळखणारा माणूस मात्र लागेल, आणि त्याला तर डोळ्यांत तेल घालूनच बसावे लागेल. कळी ओळखण्याचे काम उलट वाढणार आहे.

सरकारपुरते सांगायचे तर त्याने कंपन्यांना उपदेश करण्याआधी आपल्या परिचालकाकडे पाहावे. त्याला चार गोष्टी हव्यात: नेमणुकीचे पत्र, ठरल्या तारखेला पगार, किमान वेतनाइतकी रक्कम आणि नव्या प्रणालीत त्रुटी दिसली तर ती कळवण्याची अशी जागा जिथून उत्तर येते. चौथी गोष्ट फुकटात होणारी आहे, तरी ती झालेली नाही. कोणत्या रकान्यात गावकऱ्यांचे अर्ज अडकतात, हे मंत्रालयातल्या कोणाहीपेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे.

कंपन्याही माणसाला काय खुपते ते विचारतात, नाही असे नाही. त्यासाठी ‘एक्झिट इंटरव्ह्यू’ नावाचा प्रकार आहे. शेवटच्या दिवशी, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून झाल्यावर, एका छोट्या खोलीत बसवून मुलाला प्रश्न केला जातो, की तू का चाललास, आम्ही काय वेगळे करायला हवे होते. तो ‘घरगुती कारण’ असे सांगतो, कारण रिलीव्हिंग लेटरवर अजून सही व्हायची असते. बियाणे कंपनीचा माणूस क्रॉसिंगच्या दिवसांत नेटवर येतो तेव्हा पीक उभे असते. तो वाकून दोन कळ्या उलगडून पाहतो आणि बाईला विचारतो, काही अडचण आहे का. बी घरात आल्यावर विचारून उपयोग नसतो, हे त्याला माहीत असते.